लॉजची दोन बिलं: उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या प्रवासखर्चाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेस आणि तो दाब पुरवणारे पॉवरपॅक बनवणारा हा भागीदारीतला कारखाना. भागीदार दोघे सख्खे भाऊ. थोरले शॉप फ्लोअर बघतात. ऑर्डर, वसुली आणि पार्ट्यांच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, गाठीभेटी धाकट्यांकडे. ऑफिस धरून बावीसएक माणसं. त्यांचे हिशेब आणि करविवरणं माझ्या ऑफिसातून जातात, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून जवळून पाहता आलं. दोघांच्या परवानगीनेच लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. प्रमाण तेच ठेवलं आहे.

प्रेस विकली की व्यवहार संपला असं या धंद्यात होत नाही. सील गळतं, दाब धरत नाही, व्हॉल्व्ह अडकतो, आणि पार्टीचा फोन येतो. मग फिटरला किट घेऊन निघावं लागतं. यांच्या पार्ट्या पसरल्या आहेत कुठे, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, सांगली-मिरज आणि पुढे भोसरी-चाकण. सीमेअलीकडे कर्नाटकात हुबळी आणि बेंगळूरचं पीण्या. चोर्ला घाट उतरून गोव्यातलं वेर्णा. कोल्हापूर बेळगावहून ११० किलोमीटरवर, राजधानीचं बेंगळूर ५०० किलोमीटरवर. त्यामुळे निम्म्याहून जास्त प्रवास कोगनोळीचा नाका ओलांडून होतो. आपल्याला तो रोजचा रस्ता वाटतो, पण करखात्याच्या दृष्टीने नाक्यापलीकडे दुसरं राज्य सुरू होतं. या प्रकरणात त्याचा संबंध पुढे येईलच.

नेमाने फिरणारी माणसं पाच: धाकटे मालक, मार्केटिंगचा एक मुलगा आणि तीन फिटर. महिन्याचा प्रवासखर्च ९०,००० रुपयांच्या आसपास. पद्धत जुनीच होती. निघताना थोरल्या मालकांच्या टेबलाच्या खणातून रोख पैसे घ्यायचे, वहीत नावावर ॲडव्हान्स टाकायचा, आल्यावर सवड मिळेल तेव्हा बिलं द्यायची. ती बिलं प्लास्टिकच्या पिशवीत साठत, आणि हिशेब बघणाऱ्या अक्का महिन्याच्या शेवटी पिशवी उघडत. कधी कधी दोन महिन्यांनी.

अडचण समोर कशी आली

२०२३-२४ च्या वर्षअखेरीचे हिशेब लावताना कामगारांच्या नावावर सुमारे १,६०,००० रुपयांचा ॲडव्हान्स बाकी दिसत होता. वहीप्रमाणे कामगार कारखान्याचे देणेकरी होते. कामगारांना विचारलं तर जो तो सांगत होता की उलट आपलेच पैसे कारखान्याकडे अडकले आहेत.

त्यात अक्कांच्या हाती दोन बिलं आली. इचलकरंजीतल्या एका लॉजची, प्रत्येकी ९०० रुपयांची. तारखांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर, पण बिलांचे क्रमांक लागोपाठचे. चालू लॉजमध्ये तीन आठवड्यांत एकच बिल फाटेल हे शक्य नाही. बिलं सर्वांत जुन्या फिटरची होती.

थोरले मालक भडकले. "उद्यापासून गेटात पाय ठेवायचा नाही," असं त्यांनी सुपरवायझरकरवी सांगायला लावलं. धाकट्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला लावलं. मला वाटतं, संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, एक दिवस थांबण्याचा.

दुसऱ्या दिवशी फिटरला बोलावलं. तो काही लपवायला आलाच नाही. इचलकरंजीला त्याची बहीण दिली आहे. दोन्ही रात्री तो तिच्याकडे राहिला होता. बिलं ओळखीच्या लॉजवाल्याकडून एकाच दिवशी आणलेली. का आणली, असं विचारल्यावर म्हणाला, "अण्णा, माझंच पैसं अडकल्यात की. दोन महिनं झालं मागून." आणि खिशातून छोटी डायरी काढून पुढे ठेवली.

अक्कांनी आणि मी ती डायरी वहीशी ताडून पाहिली. वहीत त्याच्या नावावर १८,००० बाकी होती. डायरीत तारीख, गाव, पार्टी आणि रक्कम लिहिलेला २६,४०० रुपयांचा खर्च होता. वर्कशॉपच्या जॉब कार्डांवरच्या (प्रत्येक कामाच्या नोंदपत्रांवरच्या) तारखांशी तो जुळत होता. बिलं पिशवीत पडून होती, काही उन्हाने आणि घामाने पुसून गेली होती. म्हणजे कारखानाच त्याचा ८,४०० रुपयांनी देणेकरी होता, आणि त्याने खोटं केलं होतं १,८०० रुपयांचं. चार-पाच महिने एका फिटरच्या पगारातून कारखान्याचा प्रवासखर्च भागत होता. बाकी दोघा फिटरांची आणि मार्केटिंगच्या मुलाची स्थिती कमीअधिक तशीच निघाली.

खोटं बिल ते खोटंच, ते मी झाकत नाही. पण आपल्या भागातल्या लहान कारखान्यांमध्ये फुगवलेली बिलं जिथे जिथे पाहिली तिथे बहुतेक वेळा मागे हेच असतं: पैसे वेळेवर मिळत नाहीत, मग माणूस आपल्या परीने भरपाई करून घेतो, आणि एकदा हात सैल झाला की भरपाई कुठे संपली आणि चोरी कुठे सुरू झाली हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मालक त्यावर बिलांची तपासणी आणखी कडक करतो, म्हणजे पैसे आणखी उशिरा मिळतात.

करात काय सुटत होतं

पिशवीतली बिलं लावताना दुसरी गळतीही दिसली.

धाकटे मालक ऑर्डरसाठी बेंगळूरला चार-सहा वेळा राहिले होते, पण एकाही हॉटेल बिलावर कारखान्याचा जीएसटी क्रमांक नव्हता. बिलं व्यक्तीच्या नावावर. खोली ७,५०० रुपयांपर्यंतची असेल तर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता, म्हणजे २,५०० च्या खोलीवर ३०० रुपये. हॉटेल कर्नाटकात, कारखाना कर्नाटकात नोंदलेला. क्रमांक दिला असता तर हे ३०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळाले असते.

पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या मुक्कामाचं तसं नाही. खोलीच्या बाबतीत कर लागतो तो इमारत जिथे आहे त्या राज्याचा. पुण्यातलं हॉटेल महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि त्या राज्याचा वाटा) लावतं, आणि २९ ने सुरू होणाऱ्या कर्नाटकाच्या क्रमांकावर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. बिलावर क्रमांक घातला तरी नाही. गोव्याच्या मुक्कामाचंही हेच. त्या खोलीचा कर हा सरळ खर्चच धरायचा.

गंमत अशी की पुण्याला जाणाऱ्या रेल्वेच्या एसी तिकिटावर जो ५ टक्के जीएसटी लागतो त्याचं क्रेडिट मिळतं, कारण नोंदणीकृत व्यावसायिकाच्या प्रवासाला त्याच्या नोंदणीचं राज्य धरतात. त्यासाठी तिकीट काढतानाच क्रमांक भरावा लागतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि बेळगाव-निपाणीच्या व्यापाऱ्याला नेमकं हेच उपयोगी आहे.

जेवणखाण, डिझेल-पेट्रोल, टोल आणि भाड्याची टॅक्सी यांवर काही मिळत नाही. जेवणाचं आणि लहान गाडीच्या भाड्याचं क्रेडिट कायद्यानेच अडवलं आहे. इंधन जीएसटीबाहेर आहे. मालकांना वाटत होतं की पक्की बिलं आणली की सगळ्यावर कर परत मिळेल. खरं तर प्रवासखर्चात परत मिळणारा कर थोडाच असतो, आणि त्या थोड्यासाठी माणसांना प्रत्येक चहाच्या पावतीमागे पळवण्यात अर्थ नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

रोखीचा मुद्दा मात्र गंभीर होता. एका पार्टीकडे तातडीने जायचं म्हणून टॅक्सी केली होती आणि १४,००० रुपये चालकाला एकदम रोख दिले होते. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे; ती माणसं नेणाऱ्या टॅक्सीला लागू नाही. भागीदारीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे त्या एका रोख रकमेपायी ४,३६८ रुपये जादा कर बसला. फिटरच्या दोन बिलांच्या दुपटीहून जास्त, आणि ती रोख रक्कम खुद्द मालकांनी दिली होती. हा आकडा मी दोघा भावांसमोर ठेवला तेव्हा थोरल्यांचा राग पुष्कळ निवळला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय थोरल्यांचा: प्रत्येकाला महिन्याला ठोक रक्कम द्यायची आणि बिलं मागायचीच नाहीत. डोकेदुखी कमी हे खरं, पण मग दौऱ्यावर गेलं काय आणि न गेलं काय, सारखंच. शिवाय दौऱ्याची नोंद नसलेला असा भत्ता पगारातच धरला जातो.

दुसरा, सगळी तिकिटं आणि खोल्या ऑफिसनेच बुक करायच्या. पुणे-बेंगळूरला हे जमतं. पण फिटरचा प्रवास सकाळी फोन आला की सुरू होतो. कोल्हापूरला स्टॅण्डवर उतरून पुढे वडापने (वाटेत माणसं भरत जाणाऱ्या खासगी गाडीने) जाणाऱ्या माणसाचं काय बुकिंग करणार?

तिसरा धाकट्यांचा: मोबाइलवरचं खर्चाचं ॲप आणि कंपनीचं कार्ड. ॲपला माणशी दरमहा पैसे, कार्डासाठी बँक मुदतठेव मागत होती, आणि फिरणारी माणसं अवघी पाच. शिवाय तिघा फिटरांपैकी एकजण बैलहोंगलकडचा, त्याला कन्नडच सोयीचं. इंग्रजी पडद्यावरचे रकाने भरण्याऐवजी तो बिल खिशातच ठेवणार हे दिसत होतं. ॲप वाईट नाही. तीस-चाळीस माणसं फिरत असती तर मी तेच सुचवलं असतं.

चौथा पर्याय साधा होता आणि तोच निवडला: निघण्याआधी पैसे बँकेतून, परतल्यावर ठरलेल्या दिवशी हिशेब, जेवणाला बिलाशिवाय दैनिक भत्ता, मुक्कामाला मर्यादा.

काय केलं

आधी जुना हिशेब चुकता केला. डायऱ्या, जॉब कार्डं, बस तिकिटं, जे असेल ते धरून प्रत्येकाची बाकी ठरवली आणि एकाच आठवड्यात देऊन टाकली. फिटरच्या रकमेतून १,८०० वजा केले आणि तसं त्याला लिहून दिलं. त्याला काढलं नाही. थोरल्यांना हे पटायला वेळ लागला. बाकीचे काय धडा घेतील, अशी त्यांना काळजी होती, आणि ती चुकीची नव्हती. पण प्रत्येकाला आपलं येणं मिळाल्याचं सगळ्यांनी पाहिलं आणि १,८०० वजा झाल्याचंही पाहिलं.

जुलै २०२४ पासून नवी रीत सुरू झाली. दौरा-चिठ्ठी एका पानाची, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये छापलेली: कोण, कुठे, कशासाठी, जॉब नंबर, निघाल्याची आणि परतल्याची वेळ. ॲडव्हान्स माणसाच्या बँक खात्यात टाकायचा, त्याने शक्यतो यूपीआयने खर्च करायचा. बिलाचा फोटो त्याच दिवशी अक्कांच्या व्हॉट्सॲपवर, कारण टोल आणि पंपाच्या थर्मल कागदावरची अक्षरं लवकर उडतात आणि जीएसटीचे कागद ७२ महिने सांभाळावे लागतात. दर शनिवारी आठवड्याचा हिशेब.

शनिवारची अट कामगारांइतकीच ऑफिसलाही लागू केली. ५,००० पर्यंतचा हिशेब अक्कांनी कुणालाही न विचारता चुकता करायचा. "मालक बाहेर आहेत, सोमवारी बघूया की" हे वाक्य त्या दिवसापासून बंद. माझ्या मते रीत टिकली ती या एका अधिकारामुळे. अक्का सुरुवातीला घाबरत होत्या, चूक झाली तर काय म्हणून. धाकट्यांनी तो अधिकार लेखी दिला तेव्हा त्या तयार झाल्या.

दैनिक भत्ता आठ तासांवरच्या दौऱ्याला २५०, रात्रीच्या मुक्कामाला ४५०, पुणे-बेंगळूरला ६००. लॉजची मर्यादा कोल्हापूर-सांगलीकडे १,२०० आणि पुणे-बेंगळूरला २,२००, पक्क्या बिलावर. आणि एक नियम असा केला जो बाहेरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरोघरी एखादी लेक कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा इचलकरंजीला दिलेली असते, नाहीतर तिकडची सून आलेली असते. माणूस पाहुण्यांकडे उतरणारच. तेव्हा पाहुण्यांकडे मुक्काम केला तर ४०० रुपये, बिल नको. भाच्यांना खाऊ नेता येतो, बहिणीवर भार पडत नाही, आणि कारखान्याचे लॉजपेक्षा आठशे रुपये वाचतात. ही रक्कम दौऱ्याच्या भत्त्यातच धरली आणि दौरा-चिठ्ठी तिला आधार म्हणून लावली. भत्ता खर्चापुरताच करमुक्त असतो, म्हणून रक्कम माफक ठेवली.

मोटारसायकलचा विषयही निघाला. फिटर कोल्हापूरलाही बाइकवर जात, किट मागे बांधून. कागल-सातारा सहापदरीकरणामुळे महामार्गावर जागोजागी वळणरस्ते होते आणि ट्रकांची गर्दी. खर्चाच्या हिशेबात बाइक स्वस्त पडते, तरीही चाळीस किलोमीटरपलीकडे बाइक बंद केली आणि फिटरांनी कोल्हापूरला फक्त बसने जायचं असं ठरलं. शहरात आणि जवळच्या गावांत किलोमीटरला ४ रुपये. इथे पैशाचा विचार करायचाच नाही, असं धाकट्यांनी ठरवलं आणि ते योग्यच केलं.

कारखान्याच्या गाडीत डिझेल बेळगाव किंवा निपाणीतच भरायचं, पलीकडे नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवल्यावर दरातला फरक कमी झाला, तरी डिझेल तेव्हा नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात, स्वस्तच राहिलं. टॅक्सीचे पैसे फक्त बँकेतून.

मालकांचा स्वतःचा प्रवास

सर्वांत अवघड निर्णय हा होता. धाकट्यांचा मुलगा पुण्याला शिकतो. त्यांच्या पुण्याच्या फेऱ्यांत अर्धं काम भोसरी-चाकणचं आणि अर्धं घरचं. सगळा खर्च मात्र कारखान्याच्या वहीत. थोरल्यांना हे ठाऊक होतं, पण भावाला विचारायचं कसं? भाऊ-भाऊ भागीदार असले की हा प्रश्न वर्षानुवर्षं टेबलाखाली राहतो आणि एक दिवस वाटणीच्या वेळी वर येतो.

मी फक्त एवढंच सुचवलं की पहिली दौरा-चिठ्ठी धाकट्यांनीच भरावी. त्यांनी ती भरली. पुण्यातले तीन दिवस, त्यातले दोन कामाचे. तिसऱ्या दिवसाची खोली आणि जेवण स्वतःच्या उचलीच्या खात्यात (भागीदाराने स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्यात). ती चिठ्ठी अक्कांनी इतरांच्या चिठ्ठ्यांबरोबर त्याच फाइलला लावली. नंतर मार्केटिंगच्या मुलाला चिठ्ठी भरायला कुणी सांगावं लागलं नाही.

पार्टीला न्यायचा कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) कोणत्या खर्चात टाकायचा, हाही वाद झाला. बेळगावहून निघताना परचेस ऑफिसात कुंद्याचे बॉक्स न्यायची पद्धत जुनी आहे. ते प्रवासखर्चातून काढून विक्रीखर्चात वेगळे दाखवले; भेटवस्तूवर क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो प्रश्नच उरला नाही.

परिणाम

मार्च २०२५ च्या अखेरीस ॲडव्हान्सची बाकी १०,००० च्या आत होती, तीही तेव्हा बाहेर असलेल्या माणसांच्या नावावर. हिशेब शनिवारी मिटत होते. लॉजच्या बिलांची संख्या घटली आणि पाहुण्यांकडच्या मुक्कामाची वाढली.

एकूण खर्च फारसा उतरला नाही. पहिल्या तिमाहीत महिन्याला ८२,००० पर्यंत आला, पुढे बेंगळूरच्या ऑर्डरी वाढल्या तसा ९५,००० पर्यंत गेला. थोरले मालक यावर नाराज होते. पण खरा लाभ दुसरीकडून आला. चिठ्ठीवर जॉब नंबर असल्यामुळे कोणत्या पार्टीवर किती प्रवास होतो हे प्रथमच दिसलं. इचलकरंजीची एक पार्टी, तीच जिथे आपला फिटर बहिणीकडे उतरत असे, तिच्या एका बेलिंग (गठ्ठे बांधणाऱ्या) प्रेसवर नऊ महिन्यांत फेऱ्यांचा खर्च, फिटरचा रोज धरून, ३८,००० झाला होता. त्या प्रेसमध्ये सुटलेला नफा साधारण ४५,००० होता. आणखी तिमाही गेली असती तर ते यंत्र फुकट दिल्यासारखं झालं असतं.

फिटरला विचारलं तेव्हा कारण लगेच कळलं. तिथलं तेल कधी बदललं जात नव्हतं, कापसाची धूळ टाकीत जात होती. घाणेरड्या तेलाने सील आणि व्हॉल्व्ह खातात, हे हायड्रॉलिकमध्ये कुणीही सांगेल. तो हे पूर्वीपासून सांगत होता, पण ऐकायला कुणी नव्हतं, कारण त्याच्या बोलण्यामागे आकडा नव्हता. धाकटे स्वतः गेले, टाकीला झाकण आणि नवा फिल्टर बसवून दिला, त्यांच्या ऑपरेटरला सील बदलायला शिकवलं, आणि पुढच्या करारात उभारणीनंतरच्या दोन फेऱ्या मोफत, पुढच्या फेरीला २,५०० आणि प्रवास असं घातलं. पार्टी कुरकुरली, पण टिकली. फेऱ्या जवळजवळ थांबल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जॉब नंबरचा रकाना पहिल्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्यांवर सक्तीचा नव्हता. अर्ध्या चिठ्ठ्या त्याविना आल्या. तो रकाना पहिल्याच दिवसापासून हवा होता. इचलकरंजीचं प्रकरण त्याने आधीच उघडं पडलं असतं.

बेंगळूरच्या जुन्या हॉटेल बिलांवर क्रमांक घालून घेण्याची मुदत होती. २०२३-२४ च्या बिलांचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत घेता येत होतं, आणि हॉटेलनेही तोवर आपल्या विवरणात दुरुस्ती करायला हवी होती. हॉटेलांना फोन झाले ते नोव्हेंबरात. एकाने दुरुस्ती केली, बाकीच्यांनी वेळ नाही म्हणून सांगितलं. हे काम उन्हाळ्यात, बिलं सापडली त्याच आठवड्यात व्हायला हवं होतं.

"कोल्हापूरला फक्त बसने" हा नियम फार ताठ निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस बंद पडली तेव्हा एक फिटर पलीकडे अडकला. नियमात टॅक्सी नाही म्हणून तो फोन करायला कचरला आणि सांगलीच्या पाहुण्यांकडे थांबून राहिला. सीमाभागात राहायचं तर असे दिवस येतात. डिसेंबर २०२२ मध्येही बस थांबल्या होत्या. आता चिठ्ठीच्या मागे छापलं आहे: बस बंद असेल तर अक्कांना फोन, आणि मिळेल त्या वाहनाने घरी. १ नोव्हेंबरला (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) दौरा ठेवतच नाहीत.

याच धर्तीवर कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या खर्चाचाही विचार आधी व्हायला हवा होता. पुण्याहून तपासणीला येणाऱ्या इंजिनियरांची खोली कारखानाच देतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर चढलेले. मशिनची तपासणी नोव्हेंबरात किंवा जानेवारीत लावता येते. पहिल्या वर्षी ती अधिवेशनातच लागली आणि इंजिनियरांची सोय थेट संकेश्वरला करावी लागली.

रेल्वेचा वापर कमी झाला याचीही मला खंत आहे. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि पुण्याला पोचायला दुपार होते. त्या दिवसाचं काम हातात येत नाही. रात्रीच्या गाडीचं एसी तिकीट क्रमांक घालून काढणं सर्वांत सोयीचं पडतं, त्यासाठी दौरा आठवडाभर आधी ठरायला हवा. तो अजून ठरत नाही.

सध्या काय चाललं आहे

१५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळू लागला: तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. एक नाका म्हणजे एक फेरी. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. पुण्याला जाऊन येताना बारा. म्हणजे एका पासात पुण्याच्या सोळा वाऱ्या, त्या दराने नाक्यामागे १५ रुपये. कारखान्याच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला पास घेतला आहे. पिकअप मालवाहू, तिला तो लागू नाही. त्यामुळे सुटे भाग आणि किट जेवढं गाडीत मावतं तेवढं गाडीनेच नेतात, आणि पिकअप फक्त पॉवरपॅक पोचवायचा असेल तेव्हाच काढतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी ५ टक्के झाला. पुण्याच्या २,००० च्या खोलीवर पूर्वी २४० रुपये बुडीत जात, आता १०० जातात. धाकट्यांच्या मनात भोसरीत लहान गाळा घेऊन महाराष्ट्राची नोंदणी करायचं आहे. मुक्कामाचा कर वाचेल हे त्यामागचं एक कारण त्यांनी गेल्या वर्षी धरलं होतं; ते कारण मी हिशेबातून काढून टाकायला सांगितलं आहे. गाळ्याचं भाडं, तिथे ठेवायचा माणूस आणि दुसऱ्या राज्याची दरमहाची विवरणं यांच्यासमोर पुण्याकडच्या सर्व्हिसचं वर्षाचं उत्पन्न मांडायचं काम अक्का चिठ्ठ्यांवरून करत आहेत.